घरच्या गणपतीचे फोटो हलतात, पिवळे येतात : किट लेन्सवर काय जमेल?

रानजाई

नमस्कार मंडळी. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. गणपती बसायला बारा दिवस आहेत. मखर उभं झालंय आणि त्यात देवघरातली पितळी मूर्ती ठेवून सराव चालू आहे. खोली दहा बाय बारा. भिंतीवर एक ट्यूबलाइट, मखरात दोन पिवळे एलईडी बल्ब, मूर्तीमागे लुकलुकणारी माळ. डायल पी मोडवर (शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६०० वर ठेवलेली, फ्लॅश बंद. तीन नमुने देते. आकडे या क्रमाने : लेन्सची लांबी, अ‍ॅपर्चर (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), शटर सेकंदांत.

पहिला : ५५ मिमी, एफ/५.६, १/१५. अख्खा फोटो हललेला.

दुसरा : १८ मिमी, एफ/३.५, १/४०. पुढची समई कोरल्यासारखी स्पष्ट, मूर्ती मात्र धुरकट.

तिसरा : २४ मिमी, एफ/४, १/३०. मूर्ती चांगली आली, पण टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात म्हणजे नुसते फराटे.

शिवाय रंग पिवळा-हिरवा येतो आणि माळ लावली की मूर्ती काळवंडते. फ्लॅश लावला तर मुकुटावर पांढरा डाग आणि मागच्या पडद्यावर काळीकुट्ट सावली. दुकानदार ५० मिमी एफ/१.८ घ्या म्हणतोय. ती घ्यावी, की चूक माझ्या हाताची आहे? आरती, गौरी आणि विसर्जन असे तिन्ही प्रसंग नीट टिपायचे आहेत.

तिपाई

रानजाई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं सांगता येतंय. तुमचे तिन्ही फोटो ‘ब्लर’ आहेत, पण तिघांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी कारण ओळखायला शिका, सेटिंग नंतर.

फोटो कॅमेऱ्यावरच पूर्ण मोठा करा आणि एखादा चमकणारा ठिपका शोधा. पितळेवरची चकाकी, माळेतला बारीक दिवा, काहीही चालेल. सगळ्या ठिपक्यांच्या एकाच दिशेने ओढलेल्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला. ठिपक्यांच्या गोल चकत्या झाल्या असतील, तर फोकस चुकला. स्थिर वस्तू टोकदार आणि फक्त माणसं फराटलेली असतील, तर माणसं हलली, कॅमेरा नाही. तुमचा पहिला फोटो पहिल्या जातीचा, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या.

आता पहिल्याचा उपाय. हातात धरून काढताना शटर स्पीड किमान किती हवा याचा जुना ठोकताळा आहे : एक भागिले लेन्सची लांबी. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान, म्हणून लांबीला १.६ ने गुणा. ५५ मिमीला ८८, म्हणजे १/१०० धरा. १८ मिमीला १/३०. लेन्सवरचं हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझर चालू असेल तर याहून दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली निभतं, पण शटर अर्धं दाबून एक सेकंद थांबलात तरच. ते स्थिरावायला तेवढा वेळ घेतं. घाईत फाटकन दाबलेल्या बटणाला स्टॅबिलायझर वाचवत नाही.

पण खरी मेख झूममध्ये आहे. ही लेन्स १८ मिमीला एफ/३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला फक्त एफ/५.६. तुमचेच आकडे बघा. त्याच खोलीत, त्याच आयएसओला १८ मिमीवर १/४० मिळाला आणि ५५ वर १/१५. झूम केल्याबरोबर जवळजवळ ६० टक्के प्रकाश गेला, आणि नेमका त्याच वेळी हात जास्त स्थिर लागायला लागला. दोन्हीकडून मार. तेव्हा रात्री घरात झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

मात्र अगदी १८ वर ठेवून मूर्तीच्या तोंडाशीही जाऊ नका. सोंड आणि पोट पुढे फुगतं, मुकुट मागे बारीक होतो. २४ ते ३५ मिमीमध्ये मूर्तीचं प्रमाण नीट राहतं. दोन मीटरवरून २४ मिमीला उभ्या फ्रेममध्ये सव्वा मीटर रुंद आणि सुमारे १.८ मीटर उंच मखर मावतं. तुमच्या खोलीला पुरेसं आहे.

दुसरा फोटो. या कॅमेऱ्यात नऊ फोकस पॉइंट आहेत आणि निवड कॅमेऱ्यावर सोडली की तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची, ठसठशीत वस्तू पकडतो. तुमच्याकडे ती समई होती, कुणाकडे मोदकांचं ताट असतं. मागे उजव्या वरच्या कोपऱ्यात भिंगाची खूण असलेलं बटण आहे. ते दाबा आणि फक्त मधला पॉइंट निवडा. नऊपैकी मधलाच क्रॉस-टाइप आहे, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखतो आणि कमी उजेडात तोच भरवशाचा. एएफ (ऑटोफोकस) मोड ‘वन शॉट’ ठेवा, म्हणजे एकदा धरलेला फोकस तिथेच राहतो. मधला पॉइंट मूर्तीच्या डोळ्यावर, अर्धं बटण दाबलेलं तसंच, हिरवा ठिपका स्थिर झाला की फ्रेम जुळवून पूर्ण दाबा. सपाट पितांबरावर किंवा पोटावर फोकस धरू नका. तिथे पकडायला रेषच नसते, लेन्स पुढेमागे घरघरत राहते. डोळ्याची काळी रेघ किंवा मुकुटाची कड धरा.

व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकतीही एकदा फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतील अशी लावून घ्या. चष्मा असेल तर विशेषच. ती बिघडलेली असली की फोटो ठीक असूनही धूसर वाटतो, आणि धूसर असताना ठीक वाटतो.

तिसऱ्या फोटोला स्टॅबिलायझरचा काडीचाही उपयोग नाही. ते तुमचा हात थांबवतं, टाळ्या थांबवत नाही. तिथे शटर स्पीडच हवा आणि त्याची किंमत आयएसओत मोजावी लागते. तुमच्या खोलीचा हिशेब सरळ आहे : एफ/३.५ ला आयएसओ १६०० वर १/४०, ३२०० वर १/८०, ६४०० वर १/१६०. आयएसओ दुप्पट, वेळ निम्मा.

म्हणून आरतीला डायल टीव्ही मोडवर (शटर तुम्ही ठरवता, अ‍ॅपर्चर कॅमेरा), शटर १/१००, आयएसओ ऑटो, आणि मेनूत ऑटोची कमाल मर्यादा ६४००. १८ मिमीला कॅमेरा ४००० च्या आसपास घेईल. व्ह्यूफाइंडरमध्ये अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकू लागला तर समजा प्रकाश कमी पडतोय आणि फोटो काळा येणार. ५५ मिमीला तो लुकलुकणारच, कारण तिथे १/१०० साठी आयएसओ दहा हजारांच्या वर लागेल.

आयएसओ ६४०० चे दाणे दिसतात, हे खरं. पण दाणेदार फोटो सहा बाय चारच्या प्रिंटवर आणि मोबाइलवर सहज खपतो. हललेला कुठेच खपत नाही. आणि १६०० वर काळा काढून नंतर उजळलात तर दाणे आणखी वाईट दिसतात.

कवडसा

तिपाईंचं निदान बरोबर आहे, एका गोष्टीत माझं मत वेगळं. घरच्या गणपतीला टीव्ही मोडपेक्षा एम मोड बरा, त्यात शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही तुम्हीच ठरवता. खोलीतला उजेड आरतीभर तोच असतो, बदलते ती फ्रेम. टीव्हीत तुम्ही कॅमेरा माळेकडे वळवला की मीटर (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग) घाबरून फोटो काळा करतो, गडद पडद्याकडे वळवला की उजळ करतो. दहा फोटोंचे दहा उजेड. एम मध्ये एकदा एफ/४, १/१००, आयएसओ ६४०० असं मूर्तीवर जुळवून घेतलं की आरती संपेपर्यंत हात लावायचा नाही. या कॅमेऱ्याला चाक एकच आहे, त्यामुळे एम मध्ये नुसतं चाक फिरवलं की शटर बदलतं, आणि मागचं एव्ही बटण दाबून धरून फिरवलं की अ‍ॅपर्चर. ही एक गोष्ट हाताला बसली की एम चं भय संपतं.

मूर्ती काळवंडते तीही याच मीटरमुळे. मीटरला देव कळत नाही, तो फ्रेमचा एकूण उजेड मधल्या राखाडीकडे ओढतो. मागे तीस-चाळीस दिवे पेटले की ‘फार उजेड आहे’ समजून सगळंच उतरवतो. पी, टीव्ही किंवा एव्ही मोडमध्ये (एव्हीत अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) तेच एव्ही बटण दाबून चाक फिरवा आणि खूण +१ वर न्या. पांढऱ्या पडद्याच्या किंवा कागदी मखरालाही + लागतो, नाहीतर पांढरं मळकट येतं. गडद लाकडी मखर किंवा काळ्या मखमलीला उलटं, −२/३ च्या आसपास. मग फोटो पाहताना इन्फो बटण दाबत राहा, जास्त उजळून जळलेला भाग काळापांढरा लुकलुकताना दिसेल. माळेचे दिवे लुकलुकले तर लुकलुकू द्या. मुकुट, सोंड किंवा कपाळ लुकलुकलं तर थोडं खाली या.

आता रंग. तुमची ट्यूब थंड पांढरी, साधारण ६५०० केल्विनची. मखरातले पिवळे बल्ब २७०० ते ३०००. कॅमेरा दोघांच्या मधलं काहीतरी धरतो, म्हणून मूर्ती पिवळी आणि बाजूची भिंत निळसर-हिरवी. दोन जातींचा उजेड एकाच फोटोत असला तर कुठलाही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती) दोन्ही सुधारू शकत नाही. उपाय कॅमेऱ्यात नाही, बटणांच्या बोर्डावर आहे : ट्यूब बंद करा. उजेड कमी झाला की त्याच जातीचा आणखी एक पिवळा बल्ब आणा आणि तो मूर्तीकडे न रोखता बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ पडतो, चकाकीचे डाग जातात. वीस वॉटचा एलईडी असा भिंतीवर मारला तर लहान खोलीत चांगला फरक पडतो. नवीन लेन्सआधी हा बल्ब घ्या.

उजेड एकजात झाला की कस्टम व्हाइट बॅलन्स करा. कोरा पांढरा कागद मूर्तीच्या जागी धरा, फ्रेमचा मधला भाग त्याने भरा आणि फोटो काढा. कोऱ्या कागदावर ऑटोफोकस अडकतो, म्हणून लेन्सवरची कळ एमएफ वर करा. मग मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्स, तो फोटो निवडून सेट, आणि शेवटी व्हाइट बॅलन्सच्या यादीत कस्टमची खूण निवडा. ही शेवटची पायरीच बहुतेकांची राहते आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. बाहेर पडताना परत ऑटो करा, नाहीतर अख्खी मिरवणूक निळी येईल.

एवढं करूनही रंग पूर्ण पांढरा करू नये असं मला ठामपणे वाटतं. निरांजनाच्या उजेडातला देव थोडा सोनेरीच दिसला पाहिजे. म्हणून क्वालिटीत रॉ + जेपेग ठेवा. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, तीत रंग नंतर हवा तेवढाच उतरवता येतो, आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल त्यासाठी फुकट मिळतं.

लुकलुकणाऱ्या माळेबद्दल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त माळा आणि काही बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० वर कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे पट्टे येतात किंवा अर्धी माळ विझलेली दिसते. १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक पूर्ण फेरा फ्रेममध्ये मावतो आणि पट्टे येत नाहीत. आरतीला १/१०० बरा, यामागे हेही कारण आहे. माळेच्या डबीवर बटण असेल तर ती स्थिर जळणाऱ्या पर्यायावर ठेवा.

आणि सगळ्यात सोपं : मूर्तीचा मुख्य फोटो रात्री काढूच नका. भाद्रपदातल्या ढगाळ सकाळी, सगळे दिवे बंद, खिडकी मूर्तीच्या एका बाजूला. आयएसओ ४००, एफ/५.६, १/६० च्या आसपास मिळतं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा ड्रॉइंग पेपर फ्रेमच्या जरा बाहेर उभा धरला की सावलीतला गाल उजळतो. रंगवलेल्या शाडूच्या मूर्तीचा खरा रंग या उजेडात दिसतो, तसा कुठल्याच दिव्यात दिसत नाही.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. ट्यूब बंद करून आणि कागद धरून पाहिलं, हिरवा रंग गेला. मधल्या पॉइंटने मूर्तीही स्पष्ट आली.

आता पुढचे प्रश्न. एक, आरती ओवाळणाऱ्याचा चेहरा निरांजनाच्या उजेडात काढायचा आहे. दोन, घरात जुना ट्रायपॉड सापडलाय, तो वापरला तर सेटिंग काय? तीन, ५० मिमीचं काय ठरवू?

तिपाई

ट्रायपॉड सापडला हे फारच छान. मूर्तीला, मखराला आणि गौरींना तोच वापरा. देव हलत नाहीत, आयएसओ वाढवायचं कारणच नाही. एव्ही मोड, एफ/८, आयएसओ १००. तुमच्या उजेडात शटर सुमारे दोन सेकंद उघडं राहील. स्टॅबिलायझरची कळ बंद करा, कारण ट्रायपॉडवर ते काही वेळा नसलेला थरथराट शोधत बसतं. २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढणं) चालू करून भिंगाच्या बटणाने १० पट मोठं करा, कळ एमएफ वर करून डोळ्यावर हाताने फोकस करा. या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूतला ऑटोफोकस फार हळू चालतो, हाताने पटकन होतं.

पंखा बंद करा. दोन सेकंदांत दूर्वा, हाराची टोकं आणि पडद्याची झालर सगळं हलतं. समईच्या ज्योतीचा गोळा होतो आणि उदबत्तीच्या धुराचा नुसता पांढुरका पडदा. फोटोपुरती उदबत्ती बाजूला ठेवा.

कॅमेऱ्याची उंची मूर्तीच्या डोळ्यांइतकी घ्या. मूर्ती चौरंगावर असेल तर पाटावर बसावं लागेल. उभ्याने, वरून काढलं की मुकुट डोळ्यांवर येतो आणि मखराचे खांब खाली निमुळते होतात. लाइव्ह व्ह्यूत चौकटीच्या रेषा चालू करा आणि चौरंगाची कड त्यांच्याशी समांतर आहे का ते बघा. उभ्याच्या गौरींना कॅमेरा मुखवट्याच्या नव्हे, साधारण छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे पदराच्या निऱ्या पायापर्यंत सरळ दिसतात.

५० मिमी एफ/१.८ ची गोष्ट आकड्यांत सांगतो. किट लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ/५.६ देते, ही एफ/१.८. सव्वातीन स्टॉपच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा पट प्रकाश. तुमच्या खोलीत एफ/२, १/१२५ ला आयएसओ १६०० पुरेल. आरतीतले चेहरे टिपायला हिच्याइतकी स्वस्त आणि चांगली दुसरी लेन्स नाही.

पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. दीड मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट भागाची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर असते. डोळे स्पष्ट, पण पुढे आलेला आशीर्वादाचा हात आणि मागची प्रभावळ दोन्ही विरघळलेली. मूर्ती पूर्ण स्पष्ट हवी तर एफ/४ लागेल, आणि तिथे फायदा फारसा उरत नाही. दुसरं, दोन मीटरवरून उभ्या फ्रेममध्ये फक्त ६० सेंटिमीटर रुंदी मावते. तुमचं मखर त्यात बसणार नाही, आणि मागे सरकायला भिंत आहे. शिवाय तिला स्टॅबिलायझर नाही. तेव्हा माणसांसाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, मखरासाठी घेऊ नका. तुमच्या पहिल्या यादीतली एकही चूक लेन्सची नव्हती.

कवडसा

निरांजनाबद्दल. ज्योत फ्रेममध्ये आली की मीटर तिच्याकडे बघून चेहरा बुडवतो, म्हणून इथे एम मोडच. किट लेन्सला १८ ते २४ मिमी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, १/६०, आयएसओ ६४००. मखरातले पिवळे बल्ब चालू राहू द्या, फक्त ट्यूब नको. एका निरांजनावर चेहरा उजळत नाही. पंचारतीच्या पाच वाती असतील आणि ताट छातीजवळ असेल, तरच उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर चढतो.

१/६० वर ओवाळणारा हात फराटणार, पण प्रत्येक क्षणी सारखा नाही. ताट वर जाऊन वळतं तिथे हात किंचित रेंगाळतो, तेव्हा दाबा. टाळ्यांचंही तसंच, हात पूर्ण फाकलेले असतात तो क्षण स्थिर असतो. एक फोटो काढून थांबू नका. ड्राइव्ह मोड सलग ठेवा आणि तीन-तीनचे झटके घ्या. सेकंदाला तीनच निघतात, पण मधला बहुतेक वेळा सगळ्यात स्थिर असतो, कारण बोट दाबण्याचा धक्का पहिल्यात जातो आणि सोडण्याचा तिसऱ्यात. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, डोळा व्ह्यूफाइंडरला. हात लांब करून स्क्रीनवर बघत काढलेला फोटो १/६० ला हमखास हलतो.

फ्लॅश नकोच, पण घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायचा तर अंगचा फ्लॅश लागू शकतो. मग फ्लॅश एक्स्पोजर −१ करा, मंडळींना भिंतीपासून निदान चार-पाच फूट पुढे आणा म्हणजे सावली भिंतीवर न पडता खाली पडेल, आणि लेन्सला हूड असेल तर काढा. नाहीतर १८ मिमीला फोटोच्या खालच्या कडेला हूडची अर्धगोल सावली येते. फ्लॅश ट्यूबसारखाच थंड उजेडाचा आहे, हेही लक्षात ठेवा. त्याच्यासोबत पिवळे बल्ब असले की चेहरे ठीक आणि मागचं सगळं नारिंगी येतं.

पागोळी

विसर्जनाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. तिथे सेटिंगपेक्षा कॅमेरा वाचवणं मोठं काम आहे. पाऊस, गुलाल आणि समुद्राकाठी असाल तर खारं पाणी, तिन्ही एकदम.

गुलाल पिठाहून बारीक असतो. किट लेन्स झूम करताना आतबाहेर होते आणि दर वेळी हवा ओढते. त्या हवेबरोबर गुलाल आत जातो, तो मग घरी निघत नाही. मिरवणुकीत लेन्स बदलू नका आणि झूम एका जागी, २४ मिमीच्या आसपास ठेवून पायांनी जवळ-लांब व्हा. पुढे ५८ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर लावा. एरवी त्याची फारशी गरज नसते, या दिवशी आहे.

वरून जाड प्लास्टिकची पिशवी घाला. तिला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावतात, तिथे एक काळजी घ्या. तुमची लेन्स आयएस-टू जातीची असेल तर फोकस होताना तिचं पुढचं कडं गोल फिरतं. रबरबँड त्या फिरणाऱ्या कड्यावर घट्ट बसला तर पिशवीचा पीळ मोटरवर येतो आणि फोकस अडकतो. बँड मागे, झूमच्या रुंद रबरी पट्ट्यावर बांधा आणि पुढची पिशवी सैल सोडा. लेन्सवर एसटीएम लिहिलेलं असेल तर पुढचं कडं फिरत नाही, तिथे हा त्रास नाही.

वेळ साधायची तर सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं. सप्टेंबरात महाराष्ट्रात सूर्यास्त साधारण सहा ते सातच्या दरम्यान होतो. त्या वेळी आकाश गडद निळं आणि हातातल्या दिव्यांचा उजेड सोनेरी, दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये मावतात. त्याआधी आकाश मागे ठेवून मूर्ती काढलीत तर ती काळी पडेल, +१ द्या किंवा बाजू बदला. लेझीम आणि उडणाऱ्या गुलालाला १/२५०. उजेड असेल तोवर हे मिळतं, अंधार पडला की १/१००वर या. मूर्ती पाण्यात उतरवताना एएफ मोड ‘एआय सर्व्हो’ (हलत्या वस्तूवर फोकस सतत जुळवत राहणारा) करा, कारण लाटेत उभा माणूस पुढेमागे होतच असतो आणि वन शॉटचं कुलूप शिळं होतं.

एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून एकदम बाहेर दमट हवेत आलात की काचेवर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, परत धरते. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवा.

घरी आल्यावर कापड आधी लावू नका. गुलालाचे कण काचेवर घासले जातात. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार जातात. खारं पाणी उडालं असेल तर बॉडी किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करा, नुसतं सुकू दिलं की मीठ फटींत बसतं.

आणि पावसाळाभर कॅमेरा कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. कोकणातच नाही, पुण्या-मुंबईतही लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात आणि ते काच खोलल्याशिवाय निघत नाहीत. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा आर्द्रतेचा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन भरले, बदला. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी रसायन असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारिंगी रंगाचे मिळाले तर तेच घ्या.

रानजाई

लेन्सवर आयएस-टू लिहिलंय, पिशवीचं नेमकं वेळेवर कळलं. शेवटचा प्रश्न : एवढ्या दिवसांत किती बॅटरी आणि किती मोठं कार्ड लागेल?

तिपाई

व्ह्यूफाइंडरने काढलेत तर एका चार्जवर सुमारे ५०० फोटो, लाइव्ह व्ह्यूत त्याच्या निम्मेही नाहीत. ट्रायपॉडचं सगळं काम लाइव्ह व्ह्यूत होणार, तेव्हा दुसरी बॅटरी घ्या. नंबर एलपी-ई१०. कार्डाचा हिशेब : रॉ + जेपेग मिळून एका फोटोला ३० ते ३५ एमबी धरा, ३२ जीबीत नऊशेच्या आसपास बसतील. सोळा-सोळाची दोन घेतलीत तर जास्त चांगलं. स्थापनेचं एक, विसर्जनाचं दुसरं, आणि पहिलं त्याच रात्री कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कार्ड रिकामं करताना एकेक फोटो पुसत बसू नका. फोटो दोन जागी उतरल्याची खात्री झाल्यावर कॅमेऱ्याच्या मेनूतूनच फॉरमॅट करा.